टू किल अ मॉकिंगबर्ड
अमेरिकन लेखिका हार्पर ली (१९२६–२०१६) यांची वर्णविषमतेवरील इंग्रजी कादंबरी (१९६०). कथानक महामंदीच्या काळात (पहा : महामंदी) अलाबामातील मेकोम या काल्पनिक गावात घडते, निवेदन स्काउट या लहान मुलीचे. तिचे वडील, वकील ॲटिकस फिंच, बलात्काराचा खोटा आळ आलेल्या कृष्णवर्णीय टॉम रॉबिन्सनचा बचाव करतात. फिर्यादी मुलीच्या चेहऱ्याच्या उजव्या बाजूस मार, म्हणजे मारणारा डावखुरा असावा. टॉमचा डावा हात मात्र लहानपणी सरकी काढण्याच्या यंत्रात सापडून निकामी झालेला. तिची दया आली म्हणून कामाला हात लावला, असे टॉम सांगतो, आणि तेच त्याच्यावर उलटते : काळ्याने गोरीची दया करावी, हे न्यायालयाला रुचत नाही. करुणेवरही वर्णाचा पहारा असतो, हे इथे सर्वाधिक बोचते. ज्यूरी त्याला दोषी ठरवते. पुलित्झर पुरस्कार १९६१. चित्रपट १९६२ (पहा : वर्णभेद).