जर्मन नमुनापट आणि आपला कशिदा



जुन्या काळच्या जर्मन घरांत मुलगी सुई धरूं लागली, कीं तिच्या हातीं तागाच्या कापडाचा एक तुकडा देत. त्यावर ती फुलीच्या टाक्यानें मुळाक्षरें, आंकडे, मुकुट, मोर, झाडाखालीं उभे असलेले आदम आणि ईव्ह, असें भरीत जाई. शेवटीं आपल्या नांवाचीं आद्याक्षरें व सन घाली. ह्या कापडास आपण नमुनापट म्हणूं. पुढें संसारांत चादरींवर आणि पंचांवर खूण घालावयाची वेळ आली, म्हणजे अक्षर कसें काढावें हें ती ह्या पटावर पाही. शाळामास्तरांच्या भाषेंत बोलावयाचें तर हा सुईचा कित्ता होय.

हा कित्ता कापडावरून कागदावरही आला. औग्सबुर्ग शहरीं योहान शोन्स्पर्गर यानें इ. स. १५२४ च्या सुमारास भरतकामाच्या नमुन्यांचें पुस्तक छापलें. पुढें बर्लिनमध्यें १८०४ च्या सुमारास फिलिप्सन यानें, आणि १८१० पासून विटिख नांवाच्या विक्रेत्यानें, चौकटींच्या कागदावर हातानें रंग भरलेले नमुने विकावयास काढले. एक चौकट म्हणजे एक टाका. ज्यास मोजतां येतें त्यास भरतां येतें, म्हणून हे कागद देशोदेशीं पसरले. आपल्याकडील जुन्या घरांत कांचेच्या चौकटींत लोकरीचे पोपट व हरणें दिसत, तीं ह्याच रीतीचीं.

औग्सबुर्ग येथेंच जन्मलेला चित्रकार हान्स होल्बाइन यानें काढलेल्या चित्रांत सदऱ्यांच्या गळपट्ट्यांवर एक नाजूक भरतकाम दिसतें. जातांना एकाआड एक टाका घालावयाचा आणि परततांना मोकळ्या जागा भरावयाच्या. कापडाच्या दोन्ही बाजू सारख्या दिसतात. युरोपांत ह्या टाक्यास होल्बाइनचें नांव मिळालें. धारवाडकडील कसूती कशिद्यांत हाच टाका गवंती म्हणून ओळखला जातो, आणि फुलीच्या टाक्यास मेथीच्या दाण्यावरून मेंथी म्हणतात. एकानें दुसऱ्याचें घेतलें असें मानण्याचें कारण नाहीं. धागे मोजून काम करणारा हात कोठेंही त्याच युक्तीस पोंचतो. सोलापूर-कोल्हापुराकडे नेसल्या जाणाऱ्या इरकली लुगड्यांवर तुळशीवृंदावन, गोपुर, अंबारीचा हत्ती हे ह्याच टाक्यांनीं उभे राहतात.

परंतु येथें एक भेद आहे. कसूतीचा नमुना कापडावर आधीं रेखाटीत नाहींत. धागे मोजूनच तो भरावयाचा. सासूच्या हातून सुनेच्या हातीं गेला तर टिकला, नाहीं तर त्या हातांबरोबर संपला.

जर्मन पटांवरून आज नवीं कामें करतात, त्यांची रीत पाहण्यासारखी आहे. प्रथम पटावरील प्रत्येक टाका चौकटींच्या कागदावर उतरवितात. रंग उडाला असेल तर कापड उलटून पाहतात. मागील बाजूस ऊन लागलेलें नसतें, म्हणून मूळ रंग तेथें बरेच टिकलेले असतात. जुन्या मुळाक्षरांत आय आणि जे यांस पुष्कळदां एकच खूण असते. तेथें शेजारच्या अक्षरांचें वळण पाहून नवें अक्षर रचतात. मग कापडाचा हिशेब. ७० फुल्या रुंदीचा मोर इंचास १४ फुल्या बसणाऱ्या कापडावर ५ इंच होतो. जाड मॅटीवर इंचास १० बसल्या तर ७ इंच. मोर तोच, उशीवर घालावा कीं पिशवीवर, हें कापड ठरवितें.

आमच्या खोपोलीकडे मुलींच्या शिवणाच्या वह्या मीं पुष्कळ पाहिल्या. धावदोरा, साखळी टाका, काजें, असा एकेक तुकडा पानावर चिकटविलेला असे. परीक्षा झाली, कीं वही रद्दींत जाई. जर्मन मुलीचा पट जपला गेला, त्याचें कारण त्यावर तिचें नांव होतें.

म्हणून विनंति एवढीच. आजीचें लुगडें कापून त्याचा पडदा अगर पिशवी करण्यास माझी हरकत नाहीं. वापरांत आलेला नमुना जगतो. मात्र कात्री लावण्यापूर्वीं गणिताच्या वहींतील चौकटींचें एक पान घ्यावें, टाके मोजून तो नमुना त्यावर उतरवावा, आणि खालीं भरणारीचें नांव, गांव व आठवत असल्यास सन लिहावा. हें काम घरांतील शाळकरी मुलगाही करूं शकेल.