सोन्याची कुऱ्हाड

‘वऱ्हाड म्हणजे सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण आपण गौरवाची म्हणून शिकवतो. त्यातल्या सोन्यावर भाष्य होते, कुऱ्हाड मात्र यमकापुरती आली असावी असे मानून आपण पुढे जातो. धामणगाव रेल्वेचा इतिहास चाळताना आम्हांला ही कुऱ्हाड शब्दशः घ्यावीशी वाटली.

1853 साली निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केला, तेव्हा इथली बरीच काळी जमीन पडीत होती. पुढे रयतवारी मोजणी झाली. वणी-यवतमाळकडे तर ओसाड गावेच्या गावे मुदतीच्या इजाऱ्याने लागवडीस दिली गेली. नावाशेवटी ‘इजारा’ असलेली गावे त्या भागात आजही आढळतात. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस अडला आणि वऱ्हाडी कापसाचा भाव चढला. 1867 साली लोहमार्ग नागपूरला पोहोचला. यवतमाळकडचा कापूस बैलगाड्यांतून धामणगावच्या स्टेशनावर उतरू लागला, आणि ‘रेल्वे’ हा शब्द गावाच्या नावालाच चिकटला.

वाढत्या लोकसंख्येला अन्न हवे, म्हणून वहितीची जमीन वाढवावी, हे तर्कशास्त्र वरवर बिनतोड वाटते. वऱ्हाडात जमीन खरोखरच वाढली. पण तिच्यावर काय पेरले गेले? ज्वारी माणसाला दाणा देते आणि बैलाला कडबा. कापसाच्या पऱ्हाटीतून चुलीला जळण मिळते, सरकी ढोरांना चालते. पण सरकीने वैरणीची गरज भागत नाही. त्यातच नांगर फिरला तो चराऊ रानांवर. कुरण गेले, जंगल मागे हटले. सरपण आटले तसे शेण गोवऱ्यांत जाऊ लागले आणि शेताला खत कमी पडू लागले. नवी जमीन अशी जुन्या जमिनीचा कस खात होती. हा हिशेब मोजणीच्या कागदांत मावत नाही. तिथे फक्त लागवडीखालचे एकर चढत जातात आणि त्यांबरोबर सारा.

शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. सारा रोख भरायचा, सावकार दाराशी, आणि रोकड देणारे पीक एकच.

1896-97 आणि 1899-1900 या दोन दुष्काळांनी हिशेब उघडा पडला. ज्या रुळांवरून कापसाच्या गाठी गेल्या, त्याच रुळांवरून धान्य आले, हे मान्य केलेच पाहिजे. रेल्वे नसती तर हाल याहून भयंकर झाले असते. परंतु डब्यातले धान्य विकत घ्यायला हाती मजुरी लागते, आणि शेतात कामच नव्हते. वऱ्हाडची लोकसंख्या 1867 च्या शिरगणतीत सुमारे 22 लाख होती, 1891 मध्ये जवळजवळ 29 लाख झाली, आणि 1901 मध्ये साडेसत्तावीस लाखांवर घसरली.

उरलेल्या गायरानाला वऱ्हाडात आजही ‘ई-क्लास’ म्हणतात. त्यावर कोणाचा नांगर चालावा, भूमिहीनाने तिथे पोटापुरते पेरावे की गावाची गुरे चरावीत, हा वाद अजून गावोगाव चालूच आहे.