रांजणातला थर मोजायचा कसा?

मंडळी, अमरावती असो की अकोला, उन्हाळ्यात पाणी साठवावंच लागतं. रांजणाच्या आत बोट फिरवा. बुळबुळीत लागतं ना? तो जीवाणूंचा थर, म्हणजे बायोफिल्म.

1680 च्या दशकात हॉलंडच्या लेवेनहूकनं स्वतःच्या दातांवरचा असाच थर भिंगाखाली पाहिला. व्हिनेगरनं वरवरचेच जीव मेले, आतले वाचले, हे त्यानं तेव्हाच लिहून ठेवलं. पुढे रॉबर्ट कॉखच्या काळात बशीत वाढलेले ठिपके मोजायची रीत पडली. पण भिंतीला चिकटलेले जीवाणू पाण्याच्या नमुन्यात येतातच कुठे? खरवडून काढले, तरी शंभर जीवाणूंच्या गुठळीचा ठिपका एकच उठतो.

1985 मध्ये क्रिस्टेन्सन आणि सहकाऱ्यांनी प्लास्टिकच्या खाचांमधला थर रंगवून रंगाचा गडदपणा मोजला. स्वस्त पद्धत, आजही चालते. पण रंग मेलेल्या जीवाणूंनाही चढतो, त्यांच्याभोवतीच्या चिकट लगद्यालाही. अन् धुताना हात जड पडला, तर थरच वाहून जातो.

म्हणून सांगतो, पाण्याचा रिपोर्ट चांगला आला तरी तो बाटलीतल्या पाण्याचा असतो, रांजणाच्या भिंतीचा नाही. रांजण घासूनच भरा.