मोबाइल मुलांच्या हाती आहेच, तर त्यात हे उघडून द्या!

शाळा सुटली, संध्याकाळचा मकतबचा सबक झाला, की मुलं अम्मीचा मोबाइल मागतात. नवीन पनवेलच्या सेक्टरांतल्या फ्लॅटमध्ये अंगण नाही, खाली गाड्यांची गर्दी, त्यामुळे मोबाइल नाही म्हणणं प्रत्येक वेळी जमत नाही. मोबाइल द्यायचा की नाही हा वाद आम्ही इथे घालणार नाही. दिलाच, तर रील्सशिवाय त्यात काय उघडता येईल, तेही एक रुपया न भरता, एवढंच सांगणार आहोत.

पैशाची गोष्ट आधी बोलून घेऊ. अभ्यासाच्या ॲपवाल्यांचे लोक घरी येतात, मुलाची मोफत चाचणी घेतात, मूल गणितात कच्चं आहे म्हणून आई-वडिलांना घाबरवतात आणि हजारो रुपयांचं पॅकेज हप्त्यावर गळ्यात मारतात. हा हप्ता म्हणजे पुष्कळदा एखाद्या फायनान्स कंपनीचं कर्जच असतं. सही करण्याआधी कागद वाचा आणि व्याज कुठे लपलंय ते विचारा. आपल्यासाठी तो प्रश्न फक्त पैशाचा नाही. खाली दिलेल्या वेबसाइट्स आणि ॲपपैकी एकालाही पैसे लागत नाहीत.

सुरुवात गोष्टींपासून. प्रथम बुक्स या संस्थेने 2015 मध्ये स्टोरीवीव्हर नावाची वेबसाइट सुरू केली. पत्ता स्टोरीवीव्हर डॉट ओआरजी डॉट इन. यावर चित्रांच्या हजारो गोष्टी आहेत. मराठी, उर्दू, हिंदी, इंग्रजी, शिवाय इतर कितीतरी भाषांत. गोष्टींना पातळी दिलेली असते. पहिल्या पातळीत एका पानावर एखाद-दुसरं सोपं वाक्य, चौथ्या पातळीत मोठ्या मुलांसाठी लांब गोष्ट. आमच्या मते आपल्या घरांसाठी याचा सगळ्यात मोठा फायदा वेगळाच आहे. एकच गोष्ट बऱ्याचदा मराठीतही असते आणि उर्दूतही. मूल मराठी किंवा इंग्रजी शाळेत जातं, दादीला उर्दू वाचता येतं, तर दोघांनी एकेक पान वाचायचं. चित्रं तीच असल्यामुळे मुलाला अर्थ आधीच कळलेला असतो, नुसती अक्षरं ओळखायची राहतात. गोष्ट डाउनलोड करून छापलीत तरी चालते, तशी परवानगी त्यांनीच दिलेली आहे.

उर्दूचा विषय निघालाच आहे. मराठी शाळेत शिकणाऱ्या आपल्या मुलांना कुरआन शरीफमुळे अरबी अक्षरं ओळखीची असतात, पण उर्दूचं पुस्तक समोर आलं की अडतात. कारण अक्षरं वाढतात आणि लिहिण्याची नस्तालीक पद्धतही वेगळी दिसते. रेख्ता फाउंडेशनची ‘आमोज़िश’ ही वेबसाइट लिपी शिकवते, अक्षर शब्दात कुठे आलं की कसं बदलतं ते दाखवते. मूळ रेख्ता वेबसाइटवर तोच मजकूर उर्दू, देवनागरी किंवा रोमन लिपीत पाहता येतो आणि शब्दावर बोट ठेवलं की अर्थ येतो. तिथे मुलांच्या साहित्याचा वेगळा विभाग आहे. मुलांना तोच उघडून द्या, बाकीची शायरी मोठ्यांसाठी आहे.

बालभारतीची ई-पुस्तकं आता बऱ्याच पालकांना माहीत झाली आहेत. राज्य मंडळाची पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये मिळतात, उर्दू माध्यमाचीही. मूल इंग्रजी माध्यमात असेल तर मराठीचं किंवा उर्दूचं पहिलीचं पुस्तक घरी सुट्टीत वाचून घ्यायला हरकत नाही. पण बालभारतीचा खरा खजिना बहुतेकांना माहीतच नाही. तो म्हणजे ‘किशोर’ मासिक. 1971 पासून हे मासिक निघतंय, आणि त्याचे जुने अंक वेबसाइटवर मोफत वाचायला ठेवले आहेत. ज्या अब्बांनी लहानपणी किशोर वाचलाय त्यांनी आपल्या वेळचा अंक शोधून काढावा. मुलं वाचतील की नाही माहीत नाही, तुम्ही मात्र नक्की वाचत बसाल.

विज्ञानासाठी आम्ही एकच नाव आधी घेऊ : अरविंद गुप्ता. आयआयटी कानपूरमधून इंजिनियर झालेल्या या माणसाने आयुष्य मुलांसाठी टाकाऊ वस्तूंतून खेळणी बनवण्यात घालवलं. पुण्याच्या आयुकामधल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षं काम केलं. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची अरविंद गुप्ता टॉइज ही वेबसाइट दिसायला जुनाट आहे, एकाखाली एक नुसत्या ओळी. घाबरू नका. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्वची रबरी नळी यांतून त्रिकोण, चौकोन, घनाकृती कशा बनवायच्या, स्ट्रॉ कापून पिपाणी कशी वाजवायची, असं तिथे भरपूर आहे. व्हिडिओ मराठीतही आहेत. शिवाय मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी पुस्तकांचा मोठा साठा आहे. या वेबसाइटवर मूल दहा मिनिटं स्क्रीन बघतं आणि पुढचा तासभर हाताने काम करतं. म्हणून आमचा क्रमांक एक.

थोड्या मोठ्या मुलांसाठी फेट ही वेबसाइट. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात 2002 मध्ये कार्ल वाइमन यांनी ती सुरू केली. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. बॅटरी, वायर, बल्ब स्क्रीनवर जोडायचे, चुकीचं जोडलं तर आग लागलेली दिसते, घर मात्र सुरक्षित! काही प्रयोग मराठीतही केलेले आहेत. गणितासाठी खान अकॅडमी आहेच. सलमान खान (नट नव्हे!) या बंगाली वंशाच्या अमेरिकन माणसाने 2004 मध्ये दूर राहणाऱ्या नात्यातल्या बहिणीला इंटरनेटवरून गणित शिकवायला घेतलं, त्यातून 2008 मध्ये ही संस्था उभी राहिली. आठ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी त्यांचं खान अकॅडमी किड्स हे वेगळं ॲप आहे. त्यात जाहिराती नाहीत, पण ते इंग्रजीत आहे. आठ वर्षांपुढे स्क्रॅच वापरून बघा. अमेरिकेच्या एमआयटीमध्ये बनलेलं हे कोडिंग म्हणजे रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवणं. ईदचं हलणारं कार्ड बनवायला खातं उघडावंही लागत नाही.

आता आमच्या आवडीचा भाग. स्टेलेरियम नावाची आकाशाची वेबसाइट आहे, ब्राउझरमध्येच उघडते. ठिकाण पनवेल टाका, मगरिबच्या वेळेला घड्याळ लावा, आणि आज पश्चिमेला काय दिसणार ते समोर येतं. रमजानच्या 29 व्या रोजाला चंद्र सूर्यास्तानंतर किती उंचीवर असेल, किती वेळाने मावळेल, हे मुलांना आधीच दाखवता येतं. चांदचा फैसला अर्थात रुयत-ए-हिलाल कमिटीच करणार, वेबसाइट नाही. पण मुलांनी गच्चीवर जाऊन नेमकं कुठे बघायचं हे त्यांना कळलं, तर शोधण्याची मजा वाढते.

याच वेबसाइटवर ताऱ्यांची नावं वाचायला सांगा. अल्देबरान, अल्टेअर, व्हेगा, रायजेल. ही सगळी अरबीतून युरोपात गेलेली नावं. अल्देबरान म्हणजे अद-दबरान, मागून येणारा. कोणाच्या मागून? कृत्तिकांच्या. आपण मराठीत त्या अल्देबरानला रोहिणी म्हणतो. कृत्तिकांना अरबीत नाव आहे सुरैया. तुमच्या घरात, मोहल्ल्यात एखादी सुरैया खाला असेलच, तिला तिचे तारे दाखवा. अब्दुर्रहमान अस-सूफी यांनी दहाव्या शतकात ताऱ्यांवर जे पुस्तक लिहिलं त्यात नक्षत्रांची चित्रंसुद्धा काढलेली आहेत.

हाच धागा पुढे नेणारी वेबसाइट म्हणजे 1001 इन्व्हेन्शन्स. मुस्लिम शास्त्रज्ञांवरची छोटी फिल्म तिच्यात बेन किंग्सले यांनी अल-जझरीची भूमिका केली आहे. हत्तीचं घड्याळ बनवणारा हा अल-जझरी, यंत्रांवरचं त्याचं पुस्तक 1206 चं. प्रकाशावर प्रयोग करणारे इब्न अल-हैसम यांच्यावरही बरंच आहे. मुलांनी हे बघावंच. फक्त आम्हाला एक सांगायचंय. अशा ठिकाणी अभिमानाच्या भरात काही गोष्टी जरा मोठ्या करून सांगितल्या जातात. अब्बास इब्न फिरनास पंख लावून उडाले ही गोष्ट नवव्या शतकातली, पण तिचं सविस्तर वर्णन आपल्याला सतराव्या शतकातल्या अल-मक्करीच्या पुस्तकात मिळतं. मुलाने “हे कोणी लिहिलं, कधी लिहिलं?” असं विचारलं तर त्याला गप्प करू नका. हदीसच्या इल्ममध्येही कोणी कोणाकडून ऐकलं याची सनद तपासतातच ना?

आणि पनवेलकरांसाठी खास : पक्षी. कर्नाळा अभयारण्य आपल्यापासून जवळ, मुंबई-गोवा रस्त्यावर. कॉर्नेल विद्यापीठाचं मर्लिन हे ॲप पक्ष्याचा आवाज ऐकून नाव सांगतं. भारतातल्या पक्ष्यांचा संच आधी डाउनलोड करून ठेवा, डोंगरात नेटवर्कचा भरोसा नाही. पाहिलेले पक्षी ईबर्ड या वेबसाइटवर नोंदवता येतात, आणि कर्नाळ्यात इतरांनी काय पाहिलं तेही वाचता येतं. मुलांना सलीम अलींबद्दल सांगा. मुंबईच्या बोहरी कुटुंबातला हा मुलगा. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने मारलेली गळ्यावर पिवळा ठिपका असलेली चिमणी घेऊन तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला आणि पुढे देशाचा सगळ्यात मोठा पक्षीतज्ज्ञ झाला. सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचा त्यांचा गाजलेला अभ्यास आपल्याच रायगड जिल्ह्यातल्या किहीमला झाला. 12 नोव्हेंबर हा त्यांचा जन्मदिवस. राज्यात 5 ते 12 नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो, तेव्हा कर्नाळ्याला जायचं ठरवा.

कुरआनसाठी कुरआन डॉट कॉम चांगली आहे. वेगवेगळ्या कारींची तिलावत ऐकता येते, अनेक भाषांतले तर्जुमे निवडता येतात, मध्येच जाहिरात येत नाही. सबक पाठ करताना तीच आयत पुन्हा पुन्हा लावता येते. तज्वीद मात्र उस्तादांसमोर बसूनच, कारण मुलाचा उच्चार चुकला तर मोबाइल त्याला टोकत नाही.

थोडं सुरक्षेचं. यूट्यूबवर एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप लागतो, ती सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. खातं उघडायचं तर आईच्या किंवा वडिलांच्या ईमेलने, त्यात मुलाचं पूर्ण नाव, शाळा, फोटो टाकू नका. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालचं प्रत्येक मूल बालक धरलंय आणि त्याची माहिती घ्यायला पालकांची संमती लागते असं म्हटलंय. तेव्हा एखादं ॲप मुलाचा नंबर, ठिकाण मागत असेल तर नाही म्हणण्याचा तुम्हाला हक्क आहे. मोबाइलवरून पैसे गेले तर लगेच 1930 वर फोन करा. मुलाला कोणी ऑनलाइन त्रास देत असेल तर 1098 ही चाइल्ड हेल्पलाइन आहे. अशा वेळी मुलाला आधी ओरडू नका. मार पडेल या भीतीने मुलं सांगतच नाहीत, आणि त्रास देणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं.

सुट्टीत म्हसळा, श्रीवर्धन, मुरूडकडे नाना-नानींच्या गावी जाणाऱ्यांनी निघायच्या आदल्या रात्री वायफायवर स्टोरीवीव्हरच्या दहा-बारा गोष्टी आणि किशोरचे दोन-तीन अंक उतरवून घ्या. गावात रेंज गेली तरी वाचता येतील.