ओनामा : शाळाप्रवेशाच्या पूर्वतयारीचा ऐतिहासिक विचार

कोणत्याही कार्याच्या आरंभास मराठीत 'ओनामा' म्हणतात. 'ॐ नमः सिद्धम्' हे मंगलवचन धूळपाटीवर गिरवून मूल अक्षरओळखीस आरंभ करीत असे. बालमुखातून त्याचे 'ओनामासीधं' झाले, आणि पुढे त्यातील पहिला तुकडाच आरंभवाचक नाम बनला. 'ओम्'मधील मकार लोपला, विसर्ग गळाला, दोन शब्दांमधील सीमाही पुसली गेली. अर्थ न कळता केवळ कानांनी घेतलेल्या शब्दाचेच असे रूपांतर होते. या एका शब्दात मुलाच्या शाळाप्रवेशाचा दीर्घ इतिहास साठविलेला आहे. मुलाने शाळेसाठी सिद्ध व्हावयाचे, की शाळेने मुलासाठी, हा प्रश्न त्या इतिहासाच्या मुळाशी आहे.

धर्मशास्त्रकारांनी विद्यारंभाचे वय व काळ निश्चित केले होते. अपरार्काच्या टीकेत उद्धृत झालेल्या पौराणिक वचनानुसार तो पाचव्या वर्षी, कार्तिक शुद्ध द्वादशी ते आषाढ शुद्ध एकादशी या अवधीत करावा. सातव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतात आलेला चिनी प्रवासी इत्सिंग, मुले सहाव्या वर्षी 'सिद्धम्' शिकू लागतात व सहा महिन्यांत ते पुरे करतात, असे नमूद करतो. विद्यारंभ हा कुटुंबाचा संस्कार होता, आणि त्याची सिद्धता घरातच होत असे.

पंतोजींच्या शाळांना वार्षिक प्रवेशाचा नियम नव्हता. मूल येईल त्या दिवशी त्याचा आरंभ. प्रत्येकाची प्रगती स्वतंत्र असे आणि थोरली मुले धाकट्यांना शिकवीत. चार महिने शेतात गेलेला मुलगा परतल्यावर 'मागे पडला' असे म्हणण्यास तेथे इयत्ताच नव्हती. मात्र या व्यवस्थेचा गौरव करताना एक गोष्ट विसरता येत नाही. हा ओनामा प्रायः उच्चवर्णीय व व्यापारी घरांतील मुलग्यांपुरता होता. मुली व अस्पृश्य मानलेल्यांची मुले यांस तो नव्हता. जोतीराव फुले यांनी 1848 साली पुण्यात मुलींची शाळा काढली आणि 1882 साली हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली, तेव्हा प्रश्नाचे स्वरूपच पालटले. सर्वांचे मूल शाळेत यावयाचे, तर घरच्या तयारीवर विसंबून चालणार नव्हते.

बीड जिल्हा त्या काळी निजामाच्या राज्यात होता. तेथे राज्यकारभाराची भाषा उर्दू होती, आणि 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. मराठी घरातील मुलास विद्येची वरची पायरी परक्या भाषेतून चढावी लागे. 1948 साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. तरीही 1951 च्या जनगणनेत त्या राज्यातील साक्षरता दहा टक्क्यांहून कमी होती. पुढे शाळेत आलेल्या कित्येक मुलांच्या मागे घरात पाटी धरलेली एकही पिढी नव्हती. अशा घराने मुलाची 'तयारी' कशी करून द्यावी?

या प्रश्नाचे मोलाचे उत्तर ताराबाई मोडक व त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांच्या कार्यात सापडते. 1945 साली बोर्डी येथे सुरू झालेल्या त्यांच्या कार्यात मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसताच बालवाडीच मुलांच्या अंगणात नेण्यात आली. 'अंगणवाडी' या शब्दात 'अंगण' हे पूर्वपद आहे, हे लक्षणीय होय. 1975 साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेच्या केंद्रांनाही हेच नाव मिळाले. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याने सहाव्या वर्षापासूनचे शिक्षण हक्काचे केले. आणि 2022 साली महाराष्ट्रात 'पहिले पाऊल' या शाळापूर्व तयारी अभियानातून मेळावे व माता गट यांच्याद्वारे कुटुंबासही या तयारीत सामील करून घेण्यात आले.

आता परळीहून बीडकडे जाणाऱ्या रस्त्यावरील सिरसाळ्याचा विचार करू. या जिल्ह्यातून दरवर्षी फार मोठ्या संख्येने ऊसतोड कामगार बाहेर पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली नवराबायकोची जोडी 'एक कोयता' म्हणून गणली जाते. दसरा-दिवाळीच्या सुमारास प्रयाण होते, ते मार्च-एप्रिलच्या सुमारास परतण्यासाठी. जूनमध्ये पहिलीत दाखल झालेले मूल अक्षरे जुळवू लागते न लागते, तोच घराला कुलूप लागते. शास्त्रकारांचा विद्यारंभकाळ कार्तिकात सुरू होई. या मुलांचा विद्याखंड त्याच सुमारास सुरू होतो.

साखरशाळा, हंगामी वसतिगृहे, शिक्षण हमी पत्रक हे उपाय योजिले गेले आहेत व त्यांचे महत्त्व निर्विवाद आहे. तथापि ते बहुधा खंड पडल्यानंतरचे उपाय ठरतात. खरी पूर्वतयारी जूनच्या मेळाव्यातच व्हावयास हवी. मूल रंग ओळखते काय, याबरोबरच हंगामात ते कोणापाशी राहणार, आजी गावात आहे काय, बरोबर नेल्यास फडाजवळची शाळा कोणती, हेही तेथे विचारले गेले पाहिजे. तांड्यावरील मूल घरी गोरबोली बोलत असल्यास शिक्षकास त्या बोलीचे चार शब्द यावेत, हीदेखील शाळेचीच तयारी होय.

पंतोजींच्या शाळेचे दार थोड्यांनाच उघडे होते, पण तिची गती मुलागणिक निराळी असे. आजच्या शाळेचे दार सर्वांना उघडे आहे, पण तिचे वर्ष एकाच मापाचे आहे. या दोहोंतील जे ग्राह्य, त्याचा मेळ घालणे हे सिरसाळ्यासारख्या गावी आजचे कर्तव्य आहे. एरवी कित्येक मुलांचे शिक्षण ओनाम्यापाशीच थांबेल, आणि 'सिद्धम्' हा पुढचा शब्द भाषेतून गळाला तसा त्यांच्या आयुष्यातूनही गळून जाईल.