मुद्दाम दिलेली चीर

कापडाच्या दुकानात तुम्ही पाहिलेच असेल. दोन वार कापड मागितले की दुकानदार थान मोजतो, काठाला कात्रीने बोटभर चीर देतो, कात्री बाजूला ठेवतो आणि दोन्ही हातांनी ओढून टर्रकन कापड फाडतो. ती चीर दिली नसती तर पैलवानाचीही दमछाक झाली असती. कापड तेच, हात तेच. मग एवढ्याशा चिरेत असं आहे तरी काय? आज ज्या प्रयोगांची हकीकत सांगायची आहे, ते सारे या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी झाले. काच, पोलाद, दगड आणि आपल्या पायाखालचा डांबरी रस्ता, या सगळ्यांना तो प्रश्न लागू आहे.

पूर्वी वस्तूची ताकद मोजण्याची रीत सरळ होती. अखंड, गुळगुळीत तुकडा घ्यायचा, यंत्रात दोन्ही टोकांनी ओढायचा आणि किती जोराला तुटला ते वहीत टिपून ठेवायचे. पण प्रत्यक्षातली वस्तू काही अशी निष्कलंक नसते. तिला ओरखडे असतात, भोके असतात, सांधे असतात. फ्रान्समधल्या जॉर्ज शार्पी याने १९०१ साली पोलादाच्या नमुन्याला मुद्दाम खाच पाडून त्यावर लंबकासारखा झुलता हातोडा सोडण्याची पद्धत मांडली. आजही पोलादाच्या कारखान्यांत ही चाचणी होते. पुढे १९१३ साली केंब्रिजच्या चार्ल्स इंग्लिसने गणिताने दाखवून दिले, की पत्र्याला गोल भोक असेल तर त्याच्या काठाशी ताण तिप्पट होतो. आणि भोक आडवे, लांबट, टोकदार असेल तर तो कितीतरी पटींनी वाढतो. खिडकीच्या चौकटीच्या कोपऱ्यातूनच भिंतीला तिरका तडा का जातो, याचे उत्तर बरेचसे यात आहे.

यानंतर आला ॲलन ग्रिफिथ. इंग्लंडमध्ये फार्नबरो येथे विमानांचा सरकारी कारखाना होता, तिथला हा तरुण इंजिनियर. त्याने प्रयोगासाठी निवडली काच, कारण काच वाकत नाही, ताणत नाही. फुटते किंवा राहते. त्याने काचेचे तंतू ओढले, कोणी एक मिलिमीटर जाडीचा, तर कोणी त्याच्या तीनशेव्या हिश्शाइतका बारीक. आणि काय दिसले? तेवढ्याच छेदामागे बारीक तंतूची ताकद जाड तंतूच्या सुमारे वीस पट! काच तर एकच. ग्रिफिथने तर्क केला, की काचेत डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म चिरा असल्या पाहिजेत. बारीक तंतूत मोठ्या चिरेला जागाच नाही, म्हणून तो मजबूत.

तर्क झाला, पुरावा हवा. त्याने काचेचे पातळ गोळे आणि नळ्या घेतल्या, त्यांना स्वतःच चिरा पाडल्या, चिरांची लांबी मोजली आणि आतून दाब वाढवत नेऊन ते फोडले. चीर चौपट लांब असली की निम्म्याच ताणाला काच फुटे. हिशेब नेमका जुळला. त्यामागचे कारण त्याने जमाखर्चासारखे मांडले आहे. ताणलेल्या वस्तूत, ताणलेल्या रबरात असते तशी, शक्ती साठलेली असते. भेग पुढे सरकली की त्यातली थोडी मोकळी होते, ही जमा. पण भेगेचे दोन नवे पृष्ठभाग उघडायला शक्ती लागते, हा खर्च. जमा खर्चाच्या वर गेली की भेग आपण होऊन पळत सुटते, मग तिला कोणी थांबवू शकत नाही. हा निबंध १९२१ साली छापून आला. मला विचाराल तर या सबंध कथेतला सर्वांत मोठा क्षण हाच. पण इंजिनियर मंडळींनी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. काचेच्या नळ्यांचा पुलाशी आणि जहाजाशी काय संबंध, असेच त्यांना वाटले असावे.

संबंध कळला तो दुसऱ्या महायुद्धात. अमेरिकेने तेव्हा जहाजांचा सपाटा लावला होता. रिव्हेट मारण्यात वेळ जातो म्हणून पत्रे वेल्डिंगने जोडले जात. १६ जानेवारी १९४३ च्या रात्री, ऑरेगन राज्यात पोर्टलंड येथे, ‘शेनेक्टडी’ नावाचे नवे कोरे तेलवाहू जहाज धक्क्याला उभे होते. पाणी शांत, वादळ नाही, शत्रू नाही. हवा मात्र गोठणबिंदूच्या खाली गेलेली. एकाएकी मैलभर ऐकू जावा असा आवाज झाला आणि जहाजाची पाठ मोडली; डेक आणि दोन्ही बाजू फाटून ते तळाच्या पत्र्यावर बिजागरीसारखे लोंबू लागले. त्या काळच्या इतरही अनेक जहाजांना असे तडे गेले. रिव्हेटच्या जहाजात भेग पत्र्याच्या कडेला येऊन अडते. वेल्डिंगने सगळे जहाज म्हणजे एकच पत्रा झालेला, तिला अडवणार कोण? दोष सगळा वेल्डिंगवर टाकणे सोपे होते. पण केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर या विदुषीने नमुने तपासून दाखवले, की ते पोलादच थंडीत चिवटपणा टाकून काचेसारखे ठिसूळ होते.

मग ग्रिफिथचा निबंध पुन्हा उघडला गेला. वॉशिंग्टनच्या नौदल प्रयोगशाळेतल्या जॉर्ज अर्विनने १९५७ साली भेगेच्या टोकाशी ताण किती एकवटतो याचे एकच माप दिले. ते माप ज्या मर्यादेला पोचले की भेग धावू लागते, ती मर्यादा म्हणजे त्या पदार्थाचा भंग-चिवटपणा. १९७० च्या सुमारास अमेरिकेत तो मोजण्याचे रीतसर नियम झाले. नमुना जाड हवा, दोन भोकांत खुंट्या घालून ओढायचा; आणि गंमत म्हणजे करवतीची खाच पुरत नाही! करवतीचे टोक बोथट पडते. म्हणून नमुन्याला हजारो वेळा हलके हलके हिसके देऊन खाचेच्या टोकातून खरी, केसासारखी भेग आधी वाढवायची, मग मोडायचा.

पोलाद हवे त्या आकारात कापून मिळते. खडकाचे आणि रस्त्याचे तसे नाही. तिथे पोकळ गोल पाते फिरवून आतून नमुना काढतात. आपल्याकडे बोअर घेताना निघतो तसला गोल दांडा हाती येतो. तो चौकोनी करत बसायचा, की गोलाचाच उपयोग करायचा? १९४३ साली ब्राझीलमध्ये लोबो कार्नेरो याने काँक्रीटचा गोल दांडा आडवा ठेवून वरून दाबला, तर तो मधोमध उभा दुभंगला. नुसत्या दाबण्यातून ओढीची ताकद कळली. आज आपल्याकडेही काँक्रीट असे तपासतात. पुढे १९८४ साली चोंग आणि कुरुप्पू यांनी दगडासाठी आणखी सोपी युक्ती सुचवली. दांड्याची चकती कापायची, चकतीचे दोन अर्धे करायचे, अर्ध्याच्या सपाट बाजूला मध्यावर खाच द्यायची, तो दोन टेकूंवर ठेवायचा आणि वरून कमानीवर दाबायचे. खाचेतून भेग वर चढत जाते.

डांबरी रस्त्याला ही युक्ती फार सोयीची पडली. नमुना दीडशे मिलिमीटर व्यासाचा आणि पन्नास मिलिमीटर जाडीचा. एवढा मोठा का? तर आत खडी आहे. नमुना लहान असेल तर रस्त्याऐवजी एखाद्या खड्याचीच परीक्षा व्हायची. अडचण दुसरीच आहे. थंडीत डांबर काचेसारखे, उन्हात गुळाच्या पाकासारखे. त्यामुळे डांबरासाठी नुसते किती जोराला मोडले हे पाहून भागत नाही, मोडताना किती काम करावे लागले तेही मोजतात. इलिनॉय विद्यापीठातल्या मंडळींनी दोन भोकांची गोल चकती थंडीतल्या चाचणीसाठी बसवली आणि २००७ साली तिचे नियम ठरले. पुढे तिथेच अर्धचकतीची चाचणी २५ अंश सेल्सिअसवर, मिनिटाला ५० मिलिमीटर वेगाने घेऊ लागले. कारण पैशाचे होते. जुना रस्ता खरवडून निघालेला माल नव्या मिश्रणात घातला की खर्च वाचतो, पण म्हातारे झालेले डांबर कडक असते. असा रस्ता दाबाखाली दबत नाही, जुन्या चाचण्यांत उत्तम उतरतो आणि काही वर्षांत तडकतो. अर्धचकतीच्या आलेखात हे लपत नाही. जोर कळसाला पोचल्यावर चिवट मिश्रणाची रेषा हळूहळू उतरते, कडक मिश्रणाची कड्यावरून पडल्यासारखी खाली येते. एका दांड्याच्या दोन चकत्या, म्हणजे चार अर्धचकत्या होतात. त्या चारी मोडून त्यांची सरासरी घेतात आणि मगच ते मिश्रण रस्त्यावर पसरू द्यायचे की नाही हे ठरते.