हाँगकाँगमधील हस्तांतरपूर्व लोकशाही सुधारणा (१९८४–९७)
१९८४ च्या चीन-ब्रिटन संयुक्त जाहीरनाम्याने १ जुलै १९९७ ही हाँगकाँगच्या हस्तांतराची तारीख मुक्रर झाल्यावर, ज्या वसाहतीचे कायदेमंडळ तोवर सरकारी अधिकारी व गव्हर्नरनियुक्त सभासद यांचेच होते, तेथे १९८५ मध्ये अप्रत्यक्ष आणि १९९१ मध्ये १८ जागांपुरत्या प्रत्यक्ष निवडणुका सुरू झाल्या. लोकनियुक्त नगरपरिषदेची १९४६ ची यंग योजना १९५२ मध्ये ब्रिटिशांनीच दप्तरदाखल केली होती. पुढील संघर्षाचे मूळ या अक्षम्य दिरंगाईत आहे.

अखेरचे गव्हर्नर क्रिस पॅटन यांनी ऑक्टोबर १९९२ मध्ये सुधारणांचा मसुदा मांडला. चीनने हाँगकाँगसाठी केलेल्या मूलभूत कायद्यात व्यावसायिक मतदारसंघांच्या जागा ठरल्या होत्या, परंतु त्यांचे मतदार कोण याचा खुलासा नव्हता, हे हेरून त्यांनी नऊ नव्या मतदारसंघांत बहुतेक साऱ्या नोकरदार-कामकरी वर्गास मताधिकार देऊ केला आणि मतदाराचे किमान वय २१ वरून १८ वर आणले. बीजिंगने यास करारभंग मानले. १९९३ मधील वाटाघाटींच्या सतरा फेऱ्या निष्फळ ठरल्या. तरीही १९९५ मध्ये कायदेमंडळाचे साठही सभासद निवडून आले, पैकी वीस थेट मतदानाने. हस्तांतर होताच चीनने हे मंडळ बरखास्त करून, आधीच नेमलेले हंगामी कायदेमंडळ त्याच्या जागी बसविले.